वसईच्या वाडीत भाड्याने राहायचंय? आधी विहीर बघा

मी वसईला राहते, पण स्टेशनजवळच्या इमारतींत नाही, पार आत गिरीजच्या बाजूला एका वाडीत, हे ऑफिसात कुणाला कळलं की हमखास विचारणा होते, "आम्हाला पण बघा ना एखादं घर." मग ते रविवारी येतात. दोन्ही बाजूंना केळी असलेला रस्ता बघतात, सोनचाफ्याचा वास घेतात, पडवीत बसून चहा पितात आणि तिथल्या तिथे टोकन द्यायला खिशात हात घालतात. त्या सगळ्यांना एकेकट्याला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी स्वतः भाडेकरूच आहे, दलाली घेत नाही, पोटापाण्याला हिशेबाचं काम करते. त्यामुळे जरा आकडे आणि जरा खवचटपणा चालवून घ्या.

सगळ्यात आधी, "वसईत घर हवं" असं कुणाला सांगू नका. त्याला काही अर्थ नाही. रेल्वे रुळांच्या पश्चिमेला नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत गावांची माळच आहे आणि ती चार स्टेशनांत वाटलेली आहे. उमेळ्याला राहिलात तर तुमचं स्टेशन नायगाव. पापडी, रमेदी, सांडोर, गिरीज, भुईगाव हे वसई रोडवरून. गास, निर्मळ, वाघोली इथल्या बऱ्याच लोकांना नालासोपारा सोयीचं पडतं. बोळींज, आगाशी, अर्नाळा धरलंत की विरार. पत्ता सगळ्यांचा "तालुका वसई" असाच असतो, आणि नवी माणसं तिथेच फसतात. आधी स्टेशन ठरवा, मग गाव, आणि घर सगळ्यात शेवटी.

स्टेशन ठरवताना गर्दीचाही विचार करा. सकाळची विरार फास्ट वसईला येते तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसते. विरारला राहणाऱ्याला गाडी सुटते तिथूनच चढता येतं, वसईकराला तो आनंद नाही. वसईहून सुटणाऱ्या थोड्या गाड्या आहेत, त्यांच्या वेळा पाठ करा. आणि ज्यांना अंधेरीला उतरायचंय त्यांनी चर्चगेटपर्यंत जाणाऱ्यांच्या घोळक्यात दाराशी अडकून राहायची तयारी ठेवा. ज्यांचं काम भाईंदरला आहे त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2024 पासून किल्ल्याजवळच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोट सुरू झाली आहे, दुचाकीसुद्धा नेता येते. नाहीतर गाडीने हायवे गाठून वर्सोवा पुलावरून वळसा घालावा लागतो, आणि त्या पुलावरच्या खोळंब्याबद्दल मी काही लिहीत नाही, हा लेख संपायचा नाही.

रिक्षाचं मात्र लिहिते. दिवसा शेअर रिक्षा मिळते, महापालिकेची बस मिळते. रात्री साडेदहानंतर काय मिळतं ते स्वतः उभं राहून बघा. घर आवडलं असेल तर एका कामाच्या दिवशी ऑफिसातून नेहमीच्या वेळी निघा, स्टेशनला उतरा आणि त्या घरापर्यंत जाऊन या. शेवटचा शेअरवाला मुख्य नाक्यावर सोडतो आणि "आत यायचे डबल" म्हणतो. नाक्यापासून घरापर्यंत दिवे आहेत का, कुत्री कुणाची आहेत, हे त्याच फेरीत कळतं. रात्री परतणारी मुलगी किंवा सून घरात असेल तर ही फेरी तिलाच मारायला सांगा, नवऱ्याला नको. नवऱ्यांना सगळे रस्ते "ठीक आहे की" वाटतात.

पाणी

आता मुद्द्याचं. वाडीतल्या घरात तुम्ही भाडं भिंतींचं देता, पण राहता पाण्यावर. पाण्याचे तीन प्रश्न आहेत: पिण्याचं कुठून येतं, पावसाचं कुठे जातं आणि संडासाचं कुठे मुरतं. मालक यातल्या पहिल्याचं उत्तर हसत देतो, दुसऱ्याचं जरा थांबून, तिसऱ्याचं देतच नाही.

पहिला प्रश्न. "विहिरीला बारमाही पाणी आहे" हे वाक्य तुम्ही ऐकालच. त्यात खोटं काही नसतं, पण पाणी असणं आणि पाणी गोड असणं यात फरक आहे. समुद्राच्या बाजूला जावं तशी एप्रिल-मे मध्ये विहीर मचूळ होत जाते. घर बघायला जाल तेव्हा एक लिटरची बाटली भरून आणा आणि त्या पाण्यात घरी तुरीची डाळ शिजवून बघा. पाणी जड असेल तर डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते आणि तरी दाणा अख्खा राहतो. साबणाला फेस येतो का ते बघा. न्हाणीघरातल्या नळाच्या तोटीवर पांढरा थर बसलाय का, तेही बघा. मालक तुम्हाला वेड्यात काढेल, काढू दे. पिण्यासाठी वापरणार असाल तर प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कोण आणि कधी टाकतं ते विचारा.

नळ असेल तर सूर्या धरणाचं पाणी येतं का, रोज येतं का, किती वाजता येतं आणि किती वेळ येतं, हे मालकाला न विचारता शेजारच्या बाईला विचारा. पहाटे पाणी भरणारी तीच असते, तिचं घड्याळ खरं. मोटार कुणाच्या मीटरवर चालते, हाही प्रश्न तिथेच विचारून घ्या. एका विहिरीवर तीन घरं असतील तर मोटार लावायच्या वेळा ठरलेल्या असतात आणि त्या तुमच्या सोयीने बदलत नाहीत.

दुसरा प्रश्न पावसाचा. वसईत जुन्या लोकांनी वाड्यांमध्ये बावखलं खणून ठेवली होती. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, तिथून जमिनीत मुरायचं, आजूबाजूच्या विहिरी भरायच्या आणि बागेलाही मिळायचं. त्यातली बरीच बुजवली गेली, वर घरं किंवा चाळी उभ्या राहिल्या. पाण्याला मात्र आपली जुनी जागा आठवते, ते तिथेच येतं. म्हणून घर बघताना विचारा, "इथे आधी काय होतं?" मालकाला विचारू नका, समोरच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना विचारा. ते बावखलाबरोबर अजून चार पिढ्यांचं सांगतील, वेळ काढून जा. उलट, वाडीत जितं बावखल असेल तर डास असतील हे मान्य करा आणि जाळ्या लावून घ्या. मी बुजवलेल्यापेक्षा डासवालं पत्करेन.

पुढचा प्रश्न असा विचारा: "अठराच्या पावसात इथे पाणी कुठपर्यंत आलं होतं?" जुलै 2018 मध्ये वसई-विरार दिवसच्या दिवस पाण्यात होतं, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून गाड्या बंद पडल्या होत्या, वीज गेली होती. ते वर्ष इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं आहे. विचारलंत की माणूस हात करून दाखवतो: इथपर्यंत, या पायरीपर्यंत, या खिडकीपर्यंत. ज्याच्या घरात आलं नव्हतं तो अभिमानाने सांगतो. जो विषय बदलतो त्याच्याकडे खालची खोली घेऊ नका.

स्वतःच्या डोळ्यांनी बघायची एकच गोष्ट आहे: जोतं आणि रस्ता. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा किंवा काँक्रीटचा नवा थर चढतो आणि जुनी घरं होती तिथेच राहतात. पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचं घर आता एक पायरी उतरून जायचं झालेलं असतं. उतरून जायचं घर कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही. मे मध्ये घर बघितलं असेल आणि घाई नसेल, तर पहिला मोठा पाऊस पडून जाऊ द्या आणि मगच पैसे द्या. पावसात भाडंही जरा खाली येतं, कारण रविवारचे हौशी लोक येत नाहीत.

तिसरा प्रश्न. गावात भुयारी गटार नसतं, शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक असते. ती विहिरीपासून किती लांब आहे, ते पावलं टाकून मोजा. निदान 50 फूट असावं असं मानतात. वाडी अरुंद असेल तर शेजाऱ्याची टँक तुमच्या विहिरीला जवळ असू शकते, कुंपणापलीकडेही डोकावून बघा. टँक शेवटची कधी उपसली आणि पुढच्या वेळी उपसायचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या. पहिल्यांदा हे बोलताना लाज वाटते. भरलेली टँक ऐन श्रावणात वर आली की लाज जाते.

घर कोण देतं

वाडीतल्या घरांना पाट्या नसतात. मोबाइलवरच्या जाहिरातींत जे दिसतं ते बहुतेक अंबाडी रोड, माणिकपूर, एव्हरशाईनकडचे फ्लॅट. गावातलं रिकामं घर माहीत असतं ते किराणावाल्याला, मेडिकलवाल्याला, दूधवाल्याला, गावातल्या इलेक्ट्रिशियनला आणि चर्चमध्ये किंवा देवळात नियमाने जाणाऱ्या एखाद्या मावशींना. गाव ठरलं की त्या गावात चार शनिवार जा, तिथूनच भाजी घ्या, चहा प्या आणि सांगून ठेवा. पहिल्या शनिवारी कुणी काही सांगणार नाही. तुम्ही पुन्हा दिसलात की सांगतील.

आणि मुलाखत होईल, तयार राहा. "कुठले तुम्ही? घरात कोण कोण? काम काय? लग्न झालंय?" शहरातल्या माणसाला हे खुपतं. मला विचाराल तर यातले पहिले तीन प्रश्न रास्त आहेत, कारण ही बाई तुम्हाला तिच्या अंगणात घेतेय, तिची सून आणि तुमचा नवरा एकाच विहिरीवर दात घासणार आहेत. चौथ्या प्रश्नावरून, किंवा जात-धर्म विचारून जिथे कपाळावर आठी पडते, तिथून मी उठते. तिथे वाद घालून मिळवलेलं घर पुढे सुखाने लाभत नाही. एकट्या मुलामुलींना घर मिळणं इथे अजून कठीण आहे, हे खरं आहे आणि त्याचं मला कौतुक नाही. ऑफिसचं ओळखपत्र आणि गावातली एक ओळख दाखवली की बरंच सोपं होतं.

तुम्हीही विचारा. कुत्रा पाळलेला चालेल का, पाहुणे राहायला आलेले चालतील का, घरून काम करणाऱ्याचा फोन रात्री चालू राहिला तर चालेल का. खाण्यापिण्यावरून इथे सहसा कटकट नसते, वाडवळ काय, कुपारी ख्रिस्ती काय, कोळी काय, मासळीशिवाय कुणाचं पान हलत नाही. प्रश्न उलटा आहे. तुम्ही शाकाहारी असाल आणि पाचूबंदर, नायगाव कोळीवाडा किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्याजवळ घर बघत असाल तर पावसाळा संपल्यावर एकदा जाऊन या. वलांडीवर बोंबील सुकत असतात तेव्हा वारा तुमच्याकडे वळला की खिडक्या लावून घेण्यात अर्थ नसतो. मला तो वास आवडतो, पण सगळ्यांना आवडावा असा आग्रह नाही.

मालक कोण आहे हे नीट शोधून काढा. तुमच्याशी बोलणारी आजी घराची मालकीण असेलच असं नाही. घरपट्टीची पावती मागा. त्यावर अजून सासऱ्यांचं नाव असतं, सासरे वारून पंधरा वर्षं झालेली असतात आणि तीन भाऊ, दोन बहिणी वारस असतात. एक भाऊ आखातात, एक कॅनडात. यात संशयास्पद काही नाही, इथे घरोघरी असंच आहे. पण करारावर सही करणाऱ्याकडे बाकीच्यांची संमती आहे का, बाहेरगावच्या भावाचं कुलमुखत्यारपत्र आहे का, हे बघा. नाहीतर नाताळला कॅनडाचे भाऊ येतात आणि विचारतात, "तुम्ही कोण?" तुम्ही तेव्हा त्यांच्याच पडवीत त्यांच्याच झोपाळ्यावर बसलेल्या असता.

जुनं घर सोडून एखाद्या नव्या चाळीत किंवा तीनमजली इमारतीत खोली घेत असाल तर परवानगी बघाच. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नालासोपारा पूर्वेला 2025 च्या सुरुवातीपर्यंत 41 अनधिकृत इमारती महापालिकेने पाडल्या. तिथे भाडेकरूही राहत होते. मालकाचा दोष असला तरी सामान रस्त्यावर आपलंच येतं.

कागद

गावातल्या जुन्या मालकाशी सगळ्यात अवघड बोलणं भाड्याचं नसतं, कागदाचं असतं. "आपल्यात कागद कशाला? माणसं बघून देतो आम्ही." यामागे कंजुषी नाही, भीती आहे. 1948 च्या कूळकायद्याने इथल्या कित्येक घरांची जमीन गेली, काहींना मिळालीही. ती गोष्ट प्रत्येक कुटुंबात अजून सांगितली जाते. त्यामुळे लेखी काही दिलं की "कूळ लागेल" असं आजीला वाटतं. तिला हसू नका. तिला समजावून सांगा की लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तुम्हाला घर वापरायची फक्त परवानगी मिळते, घरात हक्क निर्माण होत नाही.

आणि पुढचं सांगा, ते मालकाच्याच फायद्याचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी करणं आणि नोंदवणं सक्तीचं आहे, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदवलेला करार नसताना भांडण झालं तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं, ते खोटं ठरवायचं तर मालकाने पुरावा द्यायचा. हे वाक्य मी मालकाच्या मुलाला किंवा मुलीला वाचून दाखवते. आजी मग आपोआप तयार होते. मुदत संपल्यावर न निघणाऱ्या माणसाला काढायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायची सोय कलम 24 मध्ये आहे, आणि तोवर दुप्पट भाडंही मागता येतं. म्हणजे नोंदवलेला कागद हेच मालकाचं कुलूप.

"अकरा महिन्यांचा केला की नोंदवावा लागत नाही" असं तुम्हाला शंभर लोक सांगतील. महाराष्ट्रात हे खरं नाही, अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. मग दोन वर्षांचाच का करू नये?

खर्च फार नाही. भाडं 12,000, परत मिळणारी अनामत 50,000 आणि मुदत 24 महिने धरा. भाड्याचे झाले 2,88,000. अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात, त्याचे दोन वर्षांचे 10,000. एकूण 2,98,000, त्यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेसातशेच्या आसपास. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत 1,000 रुपये, अर्नाळ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत 500. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याचे वेगळे. सगळा खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे. एक अडचण सांगून ठेवते: आयुष्यभर वाडीत काम केलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेतच नाही. घरचा दुसरा सहमालक सही करू शकतो का ते आधी ठरवा, नाहीतर दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याची तयारी ठेवा. ओळख पटवायला दोन जण लागतात, तेही त्याच दिवशी हजर पाहिजेत.

नोकरदारांसाठी एक गोष्ट. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सवलत घेणार असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल तर ऑफिस मालकाचा पॅन मागतं. हे घर ठरवतानाच बोलून घ्या. भाडं रोखीने घ्यायची सवय असलेला मालक मार्चमध्ये पॅन द्यायला कुरकुरतो, आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसतं. भाडं खात्यावर किंवा यूपीआयनेच द्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, आपल्या भागासाठी ती मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाकडे जाते. ती मालकाने द्यायची, पण ऑनलाइन अर्ज भरून देणं बहुधा तुम्हालाच करावं लागेल. करून टाका.

करारात छापील अटींखेरीज वाडीच्या घरासाठी माझ्या यादीत या गोष्टी असतात. घर कौलारू असेल तर दर मे मध्ये कौलांची शाकारणी मालकाने करायची. झाडांची फळं कुणाची, हे लिहायचं. हसू नका, नारळाच्या झाडावरून इतकी मनं दुखावलेली बघितली आहेत की नको. साधारण रीत अशी की झाडं मालकाची, पडलेला नारळ भाडेकरूचा, आणि आंब्याच्या दिवसांत मालकाची माणसं अंगणात येणार. नारळ उतरवायला माणूस कोण बोलावणार तेही ठरवा, कारण न उतरवलेला नारळ शेवटी तुमच्या स्कूटरवर उतरतो. गवत कोण कापणार, हेही लिहा. साप येतात, बहुतेक वेळा धामण असते, पण घोणसही असते. गुडघाभर गवत आणि रात्री अंगणातून संडासला जायची वाट, हे दोन्ही एकाच घरात नको.

वीज थोडक्यात. महावितरणचं शेवटचं बिल बघा, थकबाकी नाही ना आणि मीटर घरगुती आहे ना. सबमीटर असेल तर युनिटचा दर लिहून घ्या. पावसात वीज जाते, घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर धरूनच हिशेब मांडावा. भांडण झालं म्हणून पाणी किंवा वीज तोडायचा मालकाला अधिकार नाही, तेही याच कायद्यात आहे, कलम 29. इंटरनेटसाठी गावातला केबलवालाच गाठावा लागतो. जाड भिंतींच्या जुन्या घरात मोबाइलची रेंज नसते, त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा आतल्या खोलीतून एक फोन लावून बघा.

शांततेबद्दल

"शांत हवं म्हणून गावात आलो" म्हणणाऱ्यांची मला थोडी काळजी वाटते. इथे हॉर्न नाहीत, लिफ्टची घंटी नाही. पण पहाटे कोंबडा आहे, चर्चची घंटा आहे, मोटारीची घरघर आहे, मोगरा आणि भाजी घेऊन पहिली गाडी पकडायला निघालेल्या बायकांच्या हाका आहेत. लग्नसराईत बँड वाजतो आणि दणकून वाजतो. उपवासकाळात ख्रिस्ती घरांत लग्नं नसतात, तेवढाच विसावा. कार्तिकात निर्मळची यात्रा असते, त्या दिवसांत त्या बाजूला राहणाऱ्याने गाडी बाहेर काढायचा विचार सोडून द्यावा. ही सगळी माणसांची गजबज आहे, ती चालत असेल तरच या. निर्मनुष्य शांतता हवी असेल तर रिसॉर्टची खोली घ्या, कळंब-राजोडीला बरीच आहेत.

आणि कुणी कादोडीत, म्हणजे कुपारी लोकांच्या बोलीत, बोललं की गोंधळून हिंदीवर येऊ नका. मराठीत बोलत राहा, दोन महिन्यांत कान सरावतो. नावाने हाका मारू नका, मावशी, काकी, अंकल, आंटी, जे शेजारी म्हणतात ते म्हणा. चाव्या घेतल्याच्या आठवड्यात आजूबाजूच्या चार घरांत स्वतः जाऊन सांगून या, आम्ही अमुक, इथे राहायला आलोय. डिलिव्हरीवाल्याला पत्ता हीच घरं सांगणार आहेत, कारण तुमच्या घराला नंबर नाही.

ताबा घेताना

सामान आत टाकण्यापूर्वी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंतींवरची ओल, फुटलेली कौलं, पंखे, मोटार, दारांच्या कड्या आणि मीटरवरचा आकडा त्यात आला पाहिजे. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख राहते. विहिरीवरची जाळी पक्की आहे का बघा, लहान मूल असेल तर ती बसवल्याशिवाय राहायला जाऊ नका. जुन्या घराच्या भिंतीला पहिल्या पावसात ओल येणारच, कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.

सोडताना नोटीस लेखी द्या, मेसेज चालतो पण उत्तर आलेलं असू द्या. अनामत किल्ल्या देताना त्याच बैठकीत परत घ्यायची, असं करारात आधीच लिहिलेलं असू द्या. "पुढचा भाडेकरू आला की देतो" हे वाक्य ऐकायला लागू नये म्हणून. गॅसचा पत्ता बदला, विजेच्या शेवटच्या बिलाचे पैसे हिशेब करून द्या, आणि तुम्ही लावलेली कढीपत्त्याची झाडं तिथेच राहू द्या, ती उपटून नेली की जगत नाहीत.